आईचं माहेरचं नाव

कर्वेनगरातल्या एका संस्थेच्या वाचनालयात सोमवारी नोटीस लागली. पुस्तकांची यादी, रजा आणि पगारपत्रक, या तिन्ही ठिकाणी आता एकाच पासवर्डने जाता येईल. खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, ‘आत जाऊन काय करायचं तेही कळवावे.’

मंगळवारी हे जोडकाम करायला विश्रांतवाडीहून आमोद आला. रुपालीताईंच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याने विचारलं, “मॅडम, या वेणू कोण? रिटायर झाल्या ना?”

“मार्चमध्ये होणार आहेत.”

“मग भेटतील कुठे?”

“तुमच्या समोर बसल्यात.”

रुपालीताई एकोणनव्वद साली इथे लागल्या त्या वेणू म्हणून. दोन वर्षांनी लग्न झालं. सासरी आधीच एक वेणू होती, नवऱ्याची आत्या, आणि ती जागा सोडणारी नव्हती. म्हणून ताटातल्या तांदळांत अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं, रुपाली. नवऱ्याने अर्ज देऊन पगारपत्रकातलं नाव बदलून घेतलं. पुस्तकांच्या यादीकडे कुणी पाहिलं नाही. पुढे ती यादी कार्डांवरून संगणकावर गेली, तेव्हाही तिथे वेणूच राहिली.

“सिस्टिमला दोन माणसं दिसतात,” आमोद म्हणाला. “जे जुळत नाही ते शुक्रवारी पुसलं जाणार.”

“माणूस?”

“खातं, मॅडम. आणि त्यातल्या नोंदी.”

रुपालीताईंनी चष्मा काढून पुसला. वेणूच्या खात्यात अकरा हजार शेरे होते. ‘पान ८७ गायब, वाचकाला आधी सांगणे.’ ‘बिबवेवाडीचे हुसेनभाई वर्षातून एकदा मागतात, पाऊस संपल्यावर. जपून ठेवणे.’ ‘शेवट कुणीतरी पहिल्या पानावर लिहिला आहे, खोडला तरी दिसतो.’ त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाला द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

“दोघी एकच आहेत, मी सांगते की.”

“सांगून नाही चालत. वेणूचा पासवर्ड टाका.”

पासवर्ड आठवेना. ते खातं वाचनालयाच्या संगणकावर वर्षानुवर्षं उघडंच होतं. आमोदने ‘पासवर्ड विसरलात?’ वर बोट ठेवलं. खातं तयार करताना वेणूनेच उत्तर भरलेला प्रश्न पडद्यावर आला, ‘आईचं माहेरचं नाव काय?’ तीनदा चुकलं की खातं बंद.

रुपालीताईंनी ‘कुदळे’ लिहिलं. चूक. मग ‘कुदळे-पाटील’ लिहिलं. मामा पत्रिकेवर तसंच छापायचे. तेही चूक.

“मॅडम, एकच संधी राहिली. आडनाव नक्की हेच ना?”

“प्रश्नात आडनाव कुठे लिहिलंय?”

“आईचं माहेरचं नाव म्हणजे आडनावच. सगळीकडे तसंच असतं.”

रुपालीताईंनी प्रश्न पुन्हा वाचला. आडनावाला त्यांच्या घरी आडनावच म्हणत. माहेरचं नाव म्हणजे माहेरी ज्या नावाने हाक मारत ते. आईला सगळे शांताबाई म्हणायचे, रेशनकार्डावरही तेच. वेणू आठ वर्षांची असताना मामा पहिल्यांदा घरी आले आणि दारातूनच ओरडले, “सरू!” हातातलं पीठ न झटकता आई धावली. तेव्हा वेणूला कळलं की आईच्या आत आणखी कुणीतरी राहतं. त्यानंतर ती हाक तिने फार तर चार वेळा ऐकली असेल.

त्यांनी एका बोटाने ‘सरू’ लिहिलं.

खातं उघडलं. अकरा हजार शेरे जागच्या जागी होते. आमोदने दोन्ही खाती जोडली आणि खुर्चीत मागे टेकला. “वाचलो. हे असं उत्तर कोण देतं, मॅडम?”

“जिला प्रश्न नीट वाचता येतो ती.”

“बरं, आता सगळीकडे एकच नाव दिसणार. पगाराची कागदपत्रं आहेत तशीच राहतील, पण पडद्यावर कोणतं ठेवू? रुपालीच ना?”

“वेणू.”

“घरी चालेल?”

“घर या पासवर्डला जोडलंय का?”

“नाही.”

“मग झालं तर,” रुपालीताई म्हणाल्या आणि हुसेनभाईंचं पुस्तक काढायला उठल्या. पाऊस संपला होता.