माझ्या पोटातला चुरा

मी एक जुना टोस्टर आहे, आणि मित्रांनो, माझ्याकडून एका बाईचे फार हाल झाले आहेत. मला तोंड नाही, म्हणून ते इतके दिवस चालले.

माझी उमेदीची वर्षे मिनेसोटातल्या एका लहान गावात, व्हर्ना नावाच्या बाईंकडे गेली. बावीस वर्षे मी त्यांचा राय नावाच्या, गव्हाच्या भावकीतल्या धान्याचा पाव भाजला. त्या माझे कौतुक करायच्या, वरून पुसायच्या. पण माझे बूड गंजून घट्ट बसले होते, ते कुणी उघडले नाही. मग नवा टोस्टर आला आणि मी चर्चच्या तळघरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत जाऊन बसलो. चालती वस्तू फेकायची या गावाला लाज वाटते.

तिथून मला मार्लिसने घरी नेले. ती शाळेची बस चालवते. गहू, राय, सातू यांचा कणही तिच्या आतड्यांना सोसत नाही, असे निदान नुकतेच झाले होते. तिने तवे, चाळण्या, पोळपाट, सारे नवे घेतले. टोस्टर तेवढा जुना.

"चालतोय की चांगला," तिचा नवरा डेल म्हणाला. "नवा कशाला?"

तिने मला चकचकीत पुसले, लाल पट्टी चिकटवून वर लिहिले, 'फक्त मार्लिसचा'. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. आता आठवले तरी शरम वाटते.

पथ्य कडक, तरी पोट फुगायचे, बोटे बधिर व्हायची. दोनदा तिला मुलांनी भरलेली बस पेट्रोलपंपावर उभी करून आत धावावे लागले. शाळेने बजावले, आणखी एकदा झाले तर किल्ली परत करा. ती वहीत घास न् घास लिहू लागली. दूध सोडले, अंडी सोडली, टोमॅटो, कॉफी सोडली. जास्त त्रास झाला की म्हणायची, "आज नुसता टोस्ट खाते, तेवढाच सोसतो." आणि बिनगव्हाचा पाव माझ्यात घालायची. खटका दाबला की मला तापावेच लागते. नको गं, नको, असे मी रोज मनातल्या मनात ओरडायचो.

एकदा ती दवाखान्यातून आली आणि कोट न काढताच टेबलापाशी बसली.

"रक्तात अजून गहू दिसतोय म्हणे. डॉक्टर विचारत होते, चोरून खाता का."

डेल कॉफी ढवळत राहिला. "खातेस का?"

"तूसुद्धा?"

"नुसतं विचारलं. रविवारी चर्चमध्ये डोनटच्या टेबलापाशी उभी होतीस."

"वास घेत होते, डेल. आता वासाचीही चोरी?"

त्यानंतर ती वहीत लिहीनाशी झाली. पाव मात्र भाजत राहिली.

पुढच्या आठवड्यात व्हर्नाबाई तिच्यासाठी मुद्दाम बिनगव्हाचे सूप घेऊन आल्या. ओट्याशी येताच थबकल्या.

"अगं, हा अजून जिवंत आहे? बावीस वर्षं रायचा पाव भाजलाय मी यात. बूड काही कधी उघडलं नाही मेल्याचं."

मार्लिसने माझी पिन काढली. वर्तमानपत्र पसरले, स्क्रू-ड्रायव्हरने बूड उचकटले आणि मला उलटे केले. काळा, तपकिरी, ओंजळभर चुरा पडला. ती त्या चुऱ्याकडे बघत राहिली. व्हर्नाबाई रडू लागल्या.

"मी खोटं बोलत नव्हते," मार्लिस म्हणाली.

"मार्लिस..." टेबलापाशी बसलेला डेल उठला.

"आत्ता नको बोलूस. मी खोटं बोलत नव्हते."

आता मी गॅरेजच्या फळीवर आहे. सगळा दोष माझाच होता की आणखी काही आहे, हे पुढच्या तपासणीत कळेल. बस अजून तिच्याकडे आहे, एवढे खिडकीतून दिसते. डेल तिला रोज दारापर्यंत सोडायला येतो, पण ती त्याच्याशी फारसे बोलत नाही. तेवढ्यासाठी मला स्वतःचा राग येतो.

मित्रांनो, आम्हाला आतूनही साफ ठेवत जा. आणि घरात कुणी दुखतंय म्हणाले, तर त्याच्या तोंडाकडे संशयाने बघण्याआधी माझ्यासारख्याला एकदा उलटे करून बघा.