खरवसाची पेटी

कंटेनरच्या उघड्या दारात उभं राहून सिंधुबाईंनी आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"अगं बया! ह्यो तर आक्खा फ्रीजच हाय की!"

"फ्रीजच हाय, आई," अविराज म्हणाला. "केळीला साडेतेरा डिग्री लागतं. हितनं निघाला की दुबईत दार उघडंपर्यंत आत असाच गारवा."

एवढं सांगून तो पळाला. त्याला त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्याचे वडील सावळाराम कोकरे इतकी वर्षं केळी पिकवून व्यापाऱ्याच्या हवाली करत आले होते. यंदा पोरानं स्वतःच्या नावानं माल परदेशी पाठवायचं ठरवलं आणि पहिलाच कंटेनर निरवांगी गावात, घरामागच्या पॅकिंगच्या शेडपुढं येऊन उभा राहिला. सावळारामांनी सकाळीच ट्रेलरला झेंडूची माळ बांधली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आतनं बघा, हात लावू नका" म्हणत ते फिरत होते.

सिंधुबाईंच्या कानात मात्र 'दुबई' हा एकच शब्द अडकला होता. त्यांची लेक प्रतिक्षा दुबईत होती. तिला दिवस गेले होते आणि रोज फोनवर एकच रडगाणं चाललं होतं, "आई, हितं सगळं मिळतं गं. खरवस तेवढा मिळत न्हाय." इकडं गोठ्यात म्हैस नुकतीच व्यालेली. आपल्या दारातनं एवढा मोठा फ्रीज लेकीच्या गावाला चाललाय आणि लेकीला वाटीभर खरवस पोचू नये, हे काही सिंधुबाईंना पटेना.

दुपारी सगळे जेवायला बसले तशा त्या शेडमध्ये शिरल्या. भरायच्या राहिलेल्या पेट्यांतली एक त्यांनी उघडली, एक फणी काढून बाजूला ठेवली आणि तिथं खरवसाचा मोठा स्टीलचा डबा फडक्यात बांधून बसवला. गूळ, वेलदोडा, वर जायफळ. पेटी बंद केली. लेकीला ओळखू यावी म्हणून बाहेरून हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं जेवायला वाढायला गेल्या.

जेवणं झाल्यावर उरलेल्या पेट्या चढल्या. दार बंद झालं, सील लागलं, नारळ फुटला आणि ड्रायव्हर शिवमनं गाडी इंदापूरच्या रस्त्याला लावली.

धूळ खाली बसल्यावर सिंधुबाईंनी लेकीला फोन लावला.

"प्रतिक्षा, तुझा खरवस निघाला बघ! बोट आली की जावयांना बंदरावर धाड. कुंकू लावलेली पेटी हाय, लगीच सापडंल."

पलीकडं प्रतिक्षाचा आवाज चढला.

"आई, केळीच्या कंटेनरात खरवस ठिवला?"

"मग! गार राहतोय की."

"अगं, तो माल दुकानात यायला दोन आठवडे लागतात! साडेतेरा डिग्रीत खरवस टिकतो व्हय? डबा फुगंल, फुटंल, सगळ्या केळीला आंबूस वास मारंल. आन फळाच्या मालात दुधाचं काय सापडलं तर हितं आक्खा कंटेनर अडवून धरत्यात. दादा कुठाय?"

दादा आंघोळीला गेला होता. बहिणीचा फोन घेऊन तो टॉवेलवरच अंगणात आला आणि आईकडं नुसता बघत राहिला. सिंधुबाई तुळशीला पाणी घालू लागल्या. तुळशीला सकाळीच पाणी झालं होतं.

अविराजनं शिवमला फोन केला. तो इंदापूरच्या अलीकडं एका हॉटेलात मिसळ खात होता.

"शिवम, जागचा हलू नको."

मग निकिताला केला. निकिता म्हणजे मालाची तपासणी करणारी, शेतीची पदवी घेतलेली मुलगी. "नवीन सील घेऊन इंदापूर रोडला ये. कागदावर नवीन नंबर टाकावा लागणार." तिनं कारण विचारलं, तर "आल्यावर सांगतो" म्हणून त्यानं फोन ठेवला. स्वतःच्या आईनं आपल्या कंटेनरात खरवस लपवला, हे त्याच्या तोंडातनं निघेना.

पिकअपमध्ये सावळाराम पुढं बसले. सिंधुबाई मध्ये घुसल्या.

"तू कुठं?" सावळाराम म्हणाले.

"पेटी कोण वळखणार? तुमी?"

वाटेत एकदा सावळाराम म्हणाले, "मला तर दोन दिस झालं, वाटीभर खरवस दिला न्हाय."

"तुमाला डोहाळं लागल्यात का?" सिंधुबाई म्हणाल्या.

शिवम सील तोडायला तयार होईना. "दादा, मला बंदरात आत घेणार न्हाईत." पण मालक स्वतः समोर उभा, आणि नवीन सील येतंय म्हटल्यावर त्यानंच शेजारच्या टायरवाल्याकडनं कटर आणला. दार उघडलं आणि बाप, लेक, ड्रायव्हर अशा तिघांनी पेट्या उतरवायला सुरुवात केली. सिंधुबाई खाली उभ्या राहून एकेक पेटी फिरवून बघायच्या आणि "ही न्हाय" म्हणायच्या.

रस्त्याकडेला पेट्यांची भिंत उभी राहिली तशा मोटारसायकली थांबायला लागल्या. एकानं विचारलं, "डझन कशी दिली?"

"विकायची न्हाईत!" अविराज ओरडला.

"मग मांडलीत कशाला?"

दुसऱ्यानं एक पेटी उचकटून पाहिली. "कच्ची हायेत ही. फसवत्यात." तेवढ्यात सावळारामांचे जुने ओळखीचे बापूसाहेब बुलेटवरनं उतरले. "काय सावळारामराव, दुबईला जाणार म्हणत होता. इंदापुरातच उतरली व्हय केळी?"

सावळारामांनी उपरण्यानं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसतच राहिले.

अविराजचा जीव आतल्या गारव्यात अडकला होता. पांढरी धुकट हवा दारातनं वाहून बाहेर चालली होती. "आई, कुठल्या रांगेत होती गं?"

"शेवटच्या ढिगातली रं. दारापाशीच पायजे."

दारापाशी नव्हती. त्यामागच्या रांगेतही नव्हती. सिंधुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळं पोराचा पयला माल चालला," त्या पुटपुटल्या. सावळारामांनी हातातली पेटी खाली ठेवली. "रडू नगं. सगळा कंटेनर रिकामा करू, पण घावंल."

तेवढ्यात निकिताची स्कूटी आली. तिनं डिकी उघडून सील काढलं, आणि त्याच्या मागोमाग एक स्वच्छ घासलेला स्टीलचा डबा.

"काकू, हा तुमचा डबा. घरी द्यायला थांबले होते, तर कोणीच नव्हतं." मग तिचं लक्ष रस्त्यावरच्या भिंतीकडं गेलं. "सर, हे काय चाललंय?"

अविराज डब्याकडं बघत होता. "हा कुठं मिळाला?"

"एक पेटी वजनाला फार जास्त भरली, म्हणून मी चढवताना बाजूला काढली. उघडली तर खरवस! वर हळदीकुंकू. पॅकिंगवरच्या प्रयागबाई म्हणाल्या, पहिला कंटेनर गेला म्हणून मालकिणीनं आपल्यासाठी ठेवलाय. शेडमधल्या सगळ्या बायकांनी खाल्ला. काकू, काय झाला होता म्हणून सांगू!"

आधी शिवम हसायला लागला. तो हसता हसता टायरवर बसला. अविराजही हसला, आणि बापूसाहेबांना काही कळलं नव्हतं तरी तेही हसले.

सिंधुबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "सगळा खाल्ला?" त्यांनी विचारलं.

"डबा पुसून, काकू."

बघ्यांनाच कामाला लावून पेट्या परत चढवल्या. बापूसाहेबांनी शर्टाच्या बाह्या सारून रांग धरली. सील लागलं आणि संध्याकाळच्या आत गाडी मार्गी लागली. घरी येईपर्यंत सिंधुबाई प्रयागबाईवर धुसफुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी शेडमधल्या बायका येऊन पाया पडल्या आणि खरवसाचं कौतुक करत बसल्या, तेव्हा कुठं त्या निवळल्या. उरलेल्या चिकाचा खरवस त्यांनी सावळारामांना दिला. दोन वाट्या.

केळी वेळेत बोटीवर चढली आणि दुबईत हिरवीगार उतरली. तोवर प्रतिक्षाचे डोहाळे बदलले होते. खरवसाचं नाव काढलं तरी तिला मळमळत होतं. आता तिला चिंच हवी होती, आणि ती तिथं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती.

एका संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. दुकानात पिवळ्या केळ्यांच्या राशीपुढं ती उभी होती, हातात एक फणी, फणीवर भावाच्या नावाचं लेबल. सावळारामांनी तो फोटो आख्ख्या निरवांगीला दाखवला. ओळख नसलेल्या एसटी कंडक्टरलाही दाखवला.

सिंधुबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, दूर धरला, बोटांनी मोठा करून बघितला. केळ्यांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"पोरगी किती वाळलीय बघा," त्या म्हणाल्या.