नंतर चालू करणे

मी बोर्ड बोलतोय. दहावी-बारावीचा निकाल लावणारं नव्हे आणि दुकानावरची पाटीही नव्हे. तळहातावर मावेल एवढी हिरवी पट्टी, मधोमध नखाएवढी काळी चिप, कडेने पिनांच्या रांगा आणि कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा, एवढाच माझा संसार. पेणच्या खाडीकाठी, खारेपाटातल्या एका गावात सध्या माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते, की मी बिघडलो. ती खोटी आहे. ती सांगणाऱ्याला ती खोटी असल्याचं ठाऊक आहे, म्हणून तर माझ्या जिवाला लागलंय.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या आठवणी फारशा नाहीत. चकचकीत पिशवीतून मी कुरिअरने रोह्याजवळच्या अष्टमी गावात आलो आणि हर्षदने मला बाहेर काढलं. हर्षद रोह्याच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला आहे. त्याने मला कडेने धरलं, पिनांना बोट लागू दिलं नाही. इतक्या जपून मला पुन्हा कुणी धरलं नाही, त्यानेसुद्धा.

आमच्यासारख्या लहान बोर्डांसाठी हौशी लोकांनी मिळून लिहिलेली एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम होती. ज्या कामाची जी वेळ, त्या वेळेला ते झालंच पाहिजे, हा तिचा बाणा. पण आमच्यात प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, पिनांची मांडणी वेगळी, हातातलं काम बाजूला ठेवायची रीत वेगळी. त्यामुळे तिला एकेका बोर्डाची सवय करून द्यावी लागते. याला हे लोक पोर्ट करणं म्हणतात. हर्षदला ती निरनिराळ्या बोर्डांवर पोर्ट करायची होती, आणि पहिला नंबर माझा लागला.

अकरा रविवार आम्ही झुंजलो. एक काम अर्ध्यात सोडायचं, दुसरं हाती घ्यायचं आणि परत पहिल्याच्या नेमक्या त्याच जागी यायचं, हे तो मला शिकवत होता. गंमत म्हणजे हे त्याला स्वतःला कधी जमलं नाही. फोन आला की चहा टाकून उठायचा आणि परत येऊन विचारायचा, "आई, माझा चहा कुठंय?" चहा समोरच असायचा.

आता माझ्या पोटातल्या पहारेकऱ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या चिपमध्ये तो असतोच. दर दोन सेकंदांनी आम्ही त्याला कळवायचं की आम्ही जागे आहोत. नाही कळवलं, तर आम्ही कुठेतरी अडकलो असं समजून तो आम्हाला पहिल्यापासून चालू करतो. पोर्टिंग अर्धवट असताना मला वेळेत कळवणं जमेना, आणि तो मला सारखा उठवून बसवायचा. हर्षद वैतागला. एका ओळीत त्याने पहारेकरी बंद करून टाकला.

त्याच्याबरोबर कंपनीत काम करणारी निशिगंधा त्या दिवशी घरी आली होती. ती म्हणाली, "बंद केलास ते ठीक, पण नंतर चालू कर हां. विसरशील."

"लिहूनच ठेवतो," म्हणत त्याने त्या ओळीपुढे टाइप केलं, 'नंतर चालू करणे.'

अकराव्या रविवारी माझा दिवा लागला, विझला, लागला. सेकंदाला एकदा, जराही न चुकता. हर्षद ओरडला, "आई, ये लवकर! चाललं!" गिरजाबाई पदराला हात पुसत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "दिवाच पेटला ना? मग आता जेवून घे." मला मात्र त्या दिवशी आभाळ ठेंगणं वाटलं होतं.

मग नवे बोर्ड आले. कुणाची स्मृती जास्त, कुणाचं घड्याळ वेगवान. माझ्यावर शिकलेलं सगळं त्याने त्यांच्यावर भराभर चढवलं आणि मला पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकलं. दोन वर्षं मी तिथे होतो. राग आला नाही असं म्हणणार नाही, पण पोर मोठं झालं की असं व्हायचंच, अशी मी मनाची समजूत घातली.

खोक्यातून मला बाहेर काढलं ते नाथामामासाठी. नाथा हा गिरजाबाईंचा थोरला भाऊ. त्याच्या गावाची भातशेती खाडीच्या पातळीला आहे आणि मध्ये मातीचा बांध आहे. बांध सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला तिथे जोळ म्हणतात, आणि बांधातल्या पाण्याच्या दरवाजाला उघाडी. ओहोटीला उघाडीच्या फळ्या काढून शेतातलं जास्तीचं पाणी सोडायचं, भरती लागली की फळ्या टाकून खाडीला बाहेर अडवायचं. एकेचाळीस पावसाळे हे काम नाथाने केलं. घड्याळ कधी बघितलं नाही. तिथी मोजायची, पाण्यात पाय घालून बघायचं आणि उधाणाच्या दिवसांत दुपारची भाकरीही बांधावरच खायची. आता त्याचे गुडघे गेले होते.

"मामा, तू घरी बस," हर्षद म्हणाला. "पाणी लाल खुणेला आलं की भोंगा वाजेल. मग येऊन फळ्या टाक. आणि हिरवा दिवा दिसला की समज, सगळं ठीक आहे."

दिवा लुकलुकला पाहिजे, हे सांगायचं तो विसरला. पहारेकऱ्याची ती ओळ बघायचंही विसरला. जुना बोर्ड, चाललेला बोर्ड, उचलून लावला.

मी मात्र खूश होतो. उघाडीजवळच्या खांबावर डब्यात बसून मी सत्तेचाळीस भरत्या सांगितल्या, एकही चुकलो नाही. पहिले काही दिवस नाथा माझ्या आधीच येऊन बसायचा आणि भोंगा वाजला की मान हलवायचा. मग एकदा गोदूमामीला, म्हणजे बायकोला, म्हणाला, "बराबर सांगतंय गो. पोरानं काम केलं." त्यानंतर तो भोंग्याची वाट बघत घरी थांबू लागला.

श्रावणातल्या अमावास्येचा दुसरा दिवस. भरती दुपारी एकच्या सुमाराची. बाराच्या आधी मोबाईलचा टॉवर बंद पडला. दर तासाला मी हर्षदच्या फोनवर मेसेज पाठवत असे. ते काम टॉवरच्या उत्तराची वाट बघत अडून बसलं आणि बाकीच्या कामांना शिरू देईना. पाणी मोजायचं काम बाहेर ताटकळत राहिलं. अशा वेळेसाठीच तो पहारेकरी असतो. दोन सेकंदांत त्याने मला उठवलं असतं. पण त्याचे हात बांधलेले होते.

माझा दिवा नेमका पेटलेलाच अडकला. गोदूमामी आणि शेजारची धोंडुबाई बांधावरून चालल्या होत्या. धोंडुबाई थबकली, "पानी चढलंय गो."

"दिवा हाय नाय का? मग चल," गोदूमामी म्हणाली.

मला ओरडायचं होतं. भोंगा माझ्याच हातात होता आणि तो मला वाजवता येत नव्हता.

खाडी उघाडीतून दोन तास आत येत राहिली. बावीस घरांचं उभं भात खाऱ्या पाण्यात गेलं. अशी जमीन पुढची दोन-तीन वर्षं धड पीक देत नाही.

दुसऱ्या दिवशी हर्षद रोह्याहून मोटरसायकलने आला. त्याने डबा उघडला, लॅपटॉपची वायर मला लावली आणि खाली खाली वाचत गेला. 'नंतर चालू करणे.' तिथे त्याचा हात थांबला. मला वाटलं, आता हा सांगेल. चुका होतात, माणूस आहे. मी त्याला कधीच माफ केलं होतं.

नाथा मागे उभा होता. "काय झालं रं बाला? माझ्याकडनं काय ऱ्हायलं का?"

हर्षदने ते तीन शब्द लॅपटॉपमधून पुसले. मग माझी वायर काढली आणि वळून न बघता म्हणाला, "नाय मामा. पीसच खराब निघाला. बाहेरचा माल, काय भरवसा."

संध्याकाळी देवळासमोर जोळ बसली. जोळचा काळुराम म्हणाला, "मशीन बिघडलं, मान्य. पन नाथा कुठं व्हता?"

नाथा उठून उभा राहिला. "चूक माझी हाय. मशीन काय, बिघडनारच. मी बसायला पायजे व्हतं." फळ्या ओढायचा लोखंडी आकडा एकेचाळीस वर्षं त्याच्या हातात होता. तो त्याने काळुरामपुढे ठेवला. हर्षद तिथेच बसला होता. त्याने मान वर केली नाही.

जाताना त्याला मला घेऊन जायचं होतं. नाथाने दिलं नाही. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं. तूच सांगितलंस ना, हे तुझं पयलं काम." हर्षदने फक्त माझी बॅटरी काढून स्वतःच्या खिशात घातली.

आता मी नाथाच्या घरी फळीवर, चष्म्याच्या डबीशेजारी असतो. तो मला रोज पंच्याच्या टोकाने पुसतो. भरतीच्या वेळी दारात येऊन बांधाकडे बघतो, पण तिकडे जात नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "बिघडलं बिचारं. त्याचा काय दोष? मीच बसलो नाय."

मी बिघडलो नाही, नाथामामा. आणि तूही चुकला नाहीस. मला न्याय नको, नवं कामही नको. तुमच्यापैकी कुणी त्या गावात गेलात तर बरोबर एक बॅटरी घेऊन जा. माझ्या दोन पिनांना लावा आणि नाथामामाला बोलवा. त्याच्यासमोर मी दिवा लावीन, विझवीन, लावीन. सेकंदाला एकदा, जराही न चुकता. त्याला एवढं पुरेल. पाणी बघून तिथी सांगणारा माणूस आहे तो.