मार्च की नोव्हेंबर

लोवेना ट्रेलोरने अर्जावर दोनशे एकतीस सह्या आणल्या. चौदा मी बाद केल्या. नऊ जणांनी उत्साहाने दोनदा सही केली होती, चार जण गावचेच नव्हते, आणि एक सही हॅच वाण्याच्या कुत्र्याच्या नावाची होती. उरल्या दोनशे सतरा, हव्या होत्या दोनशे. गावची कारकून म्हणून माझं काम तिथे संपलं. आता मतदान घेणं भागच होतं. कौन्सिलच्या हातात उरली फक्त तारीख, आणि तारखेत काय काय लपवता येतं हे आमच्या कौन्सिलला कुणी शिकवायला नको.

अर्ज असा, की चार नंबरची खाण पुन्हा उघडू नये. बासष्ट वर्षांपूर्वी ती ढासळली, तेव्हा अकरा माणसं आतच राहिली. त्यात लोवेनाचा बाप होता. ती तेव्हा आईच्या पोटात. आता एका कंपनीला तिथलं तांबं हवं होतं आणि यंत्रं जूनमध्ये उतरणार होती. मतदान मार्चमध्ये झालं तरच अर्जाला अर्थ. नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीबरोबर घेतलं, तर तोवर खाण उघडलेली असणार. कंपनीने पत्रात लिहिलं होतं, सापडतील ते अवशेष सन्मानाने वर आणू.

"सन्मानाने म्हणजे पोत्यात," लोवेना म्हणाली. "झोपलेत ते. झोपू द्या."

महापौर डॉइल पेंगली नोव्हेंबरच्या बाजूचा. मार्चमध्ये कमरेएवढ्या बर्फातून मत द्यायला कोण येणार, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. त्याच्या मेहुण्याला कंपनीने मुकादमी कबूल केली होती, तेही खोटं नव्हतं.

आमच्याकडे सभेची हजेरी घेताना सभासदांच्या मागोमाग त्या अकरांचीही नावं पुकारतात. प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबायचं आणि वहीत लिहायचं, 'खाली'. नवे लोक हसतात. दोन हिवाळे काढले की हसत नाहीत.

जानेवारीतली दुपारची सभा, लोवेना मागच्या बाकावर. पाचांपैकी एक सभासद खुबा मोडून इस्पितळात. मी एकेकाचं नाव घेऊन मत विचारलं. मार्च, मार्च, नोव्हेंबर. डॉइल शेवटी म्हणाला, नोव्हेंबर. बरोबरी झाली की नियमाने नोव्हेंबरच. मी तिथे थांबायला हवं होतं. पण तीस वर्षांची सवय, जीभ थांबली नाही.

"अॅम्ब्रोज ट्रेलोर," मी पुकारलं.

मत मागताना त्या अकरांची नावं कधीच घेत नाहीत. पण कुणी मला अडवलं नाही, आणि अर्ध्यावर सोडणं मलाच जमेना. अकरावं नाव झालं, श्वासभर थांबले, आणि भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळीवर तीन ठोके पडले. सावकाश, मोजून.

नळ्या वाजतातच. पण ही गळत होती म्हणून तिचं पाणी सकाळी मीच बंद केलं होतं.

डॉइल टेबलाकडे बघत राहिला.

"विल्मा, माझं मत लिहिलंस?"

"अजून नाही."

"मार्च लिही."

लोवेना जिंकली होती. मी नोटीस दाराला चिकटवत होते, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. चेहरा जिंकलेल्या बाईचा नव्हता.

"खाणीत तीन ठोक्यांचा अर्थ काय होता, विल्मा?"

तिला ठाऊक होतं. या गावात पोरंसोरंही जाणतात. माणसं खाणीतून वर आणणाऱ्या पाळण्यात बसलीत, वर ओढा.

"नळी होती ती," मी म्हणाले.

"अर्ज मागे घेता येतो?"

"तारीख पडल्यावर नाही."

तिने नोटीस शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, अर्जदारानेच घरोघर जाऊन अर्जाविरुद्ध मत द्या म्हणून सांगितलं तर चालतं का. कायद्यात मनाई नाही, मी म्हणाले; आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं.

"दोनशे सतरा," ती म्हणाली. हातमोजे चढवले आणि बर्फातून पहिल्या दाराकडे निघाली.