याकची बाजू

बावीस वर्षं मी नारीन गावच्या पेपरात घालवली. पेपर बंद पडला, तेव्हा पोरांसाठी गोष्टी लिहायला बसले. पहिलंच पुस्तक दारुड्या बापावर. पोरांच्या पुस्तकात झिंगलेला माणूस दाखवला तर आया अंगावर येतील, म्हणून त्याला याक केला. त्याचं पिल्लू म्हणजे मी. हे कुणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटत होतं. मूर्खच मी!

पुस्तक बिश्केकच्या प्रकाशकाला धाडायचं, तर आपा, म्हणजे माझी आई, आडवी आली. घरातल्या थोरल्याची दुआ घेतल्याशिवाय आमच्याकडे कोकरूही बाजारात निघत नाही. आणि आमच्या घरात थोरले कोण? आके. माझे वडील. तोच तो याक.

आके म्हणाले, आधी ऐकेन, मग बघू. नाही तरी ज्याच्याविरुद्ध छापायचं त्याची बाजू ऐकून घ्यायची, हे मीच नव्या बातमीदारांना जन्मभर पढवत आले होते. आता भोगा. रविवारी सकाळी चहा आणि बोरसोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, मांडून मी वाचायला लागले.

पहिल्याच पानावर त्यांनी थांबवलं. याकच का, म्हणे. याक निदान ओझी तरी वाहतो. तिसऱ्या प्रकरणात याक कालव्यात पडतो, तिथे तर ते भडकलेच. कालवा कुठला, शेजारच्या सबिरबेकचा हौद होता. आणि एकदा नाही, दोनदा. इतकी वर्षं पेपरात काढली आणि शेजारी जाऊन विचारता येत नाही? आपा तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून हसत होती. मी मुकाट्याने हौद लिहिला.

मग शाळेचं प्रकरण आलं. पिल्लू फाटकापाशी बापाची वाट बघत उभं असतं. आके म्हणाले, "किती वेळ उभी होतीस?"

"पिल्लू उभं होतं."

"किती वेळ, जिपारा?"

"अडीच तास."

त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली आणि पुढे वाच म्हणून खूण केली.

शेवटचं पान प्रकाशकाच्या सांगण्यावरून लिहिलेलं. पिल्लू नीट समजावतं, तेव्हा याक बाटली नदीत फेकतो, त्याला पाठीवर घेतो, सगळे आनंदाने नाचतात.

"हे कधी झालं?" आकेंनी विचारलं.

मी म्हटलं, पोरांना आशा हवी असते, आणि याशिवाय प्रकाशक छापणार नाही.

"मग दुआ नाही," आके म्हणाले. "मी अठ्ठावीस वेळा सोडली, पण नदीत बाटली कधी टाकली नाही. ज्याचा बाप अजून पितो, ते पोर हे वाचून काय म्हणेल? याकच्या पिल्लाने नीट सांगितलं, म्हणून त्याच्या बापाने ऐकलं. मलाच नीट सांगता आलं नाही, असंच म्हणेल ना ते?"

नऊ वर्षांची असताना मी मनाशी अगदी हेच म्हणत होते. हे त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे. मला रडू आलं, आणि रागही आला. इतकं कळत होतं तर!

मी शेवटचं पान टराटरा फाडलं. प्रकाशकाला काय सांगायचं ते सांगेन.

मग आकेंनी दुआसाठी हात पसरले. ते लटलट कापत होते. पिऊन दिलेली दुआ लागत नाही, म्हणून काल दुपारपासून त्यांनी थेंब घेतला नव्हता.

"पुस्तक लांबवर जावो," ते म्हणाले. "ज्या पोराच्या हाती पडेल, त्याला कळो की त्याची काही चूक नव्हती."

दुआ संपली, तसे रीतीप्रमाणे आम्ही तिघांनी तोंडावरून हात फिरवले. आके उठले आणि गोठ्यामागे गेले. कशाला, ते आपाला ठाऊक होतं आणि मलाही.

मी नवं पान घेतलं. लिहिलं: याक गोठ्यामागे गेला. पिल्लाने थोडा वेळ तिकडे बघितलं, आणि मग ते खेळायला गेलं.