वरच्या तळ्यावरचा बगळा

शेजाऱ्याकडे पंखा आला की आपल्याला उकडायला लागतं, हे काही नवीन नाही. त्यातून शेजारी सख्खा भाऊ असेल तर विचारूच नका!

त्या सकाळी दादाच्या बायकोने चहा पुढे ठेवता ठेवता बातमी सांगितली, "भावजींना मंजुरी मिळाली म्हणे."

"कसली?" दादाने विचारलं. कसली ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"खडी धुतलेलं पाणी साफ करायची. पर्यावरण खात्याच्या बाई आल्या होत्या तपासायला. असं नेटकं काम आजवर पाहिलं नाही म्हणाल्या."

"पाहिलं नसेल. नव्याने नोकरीला लागल्या असतील."

दादाने चहाचा कप बाजूला सरकवला आणि तो चपला घालून खाणीवर निघाला. चहा तसाच राहिला. बायकोने तो ओतून दिला. धाकट्या दिराचं नाव निघालं की या घरात असा बराच चहा वाया जात असे.

ओढ्याकाठची खडीची खाण वडिलांनी दोघा भावांत वाटून दिली होती. वरच्या अंगाची धाकट्याला, खालची थोरल्याला. थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याची चाळिशी उलटली होती, टक्कल पडलं होतं, तरी तो सगळ्यांचा छोटूच राहिला होता. दोन्ही खाणींच्या खाली, ओढ्याच्या वळणावर, त्यांच्या मोठ्या बहिणीची, अक्काची रोपवाटिका होती. ती त्याच ओढ्याचं पाणी रोपांना घालत असे.

खाणीतून निघालेली खडी मातीने माखलेली असते. ती धुतल्याशिवाय बांधकामवाले तिला हात लावत नाहीत, आणि धुतली की पाण्याचा चिखलकाला होतो. वर्षानुवर्षं दोघा भावांनी तो चिखलकाला खुशाल ओढ्यात सोडला. 'ओढा काय कुणाच्या बापाचा आहे!' असं दोघंही म्हणत. आता खात्याने नियम केला होता. धुतलेलं पाणी आधी तळ्यात साठवा, त्यातला गाळ खाली बसू द्या, निवळलेलं पाणी पुन्हा धुण्यासाठी वापरा आणि या सगळ्याची मंजुरी घ्या, नाहीतर धुणं बंद.

नियम आला तेव्हा छोटू स्वतः दादाकडे आला होता. "दादा, दोघांची मिळून तळी करू या का? जागा माझ्याकडे आहे, खणायचं यंत्र तुझ्याकडे आहे."

"म्हणजे तुझ्या तळ्याच्या पाण्यावर मी माझी खाण चालवू?" दादा म्हणाला होता. "थोरला मी आहे की तू?"

छोटू परत गेला आणि त्याने एकट्याने तीन तळी खणली. एकातलं पाणी संथपणे दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, आणि तिसऱ्यात तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ. त्या तिसऱ्या तळ्याच्या काठावर एक पांढराशुभ्र बगळा येऊन उभा राहायला लागला.

दादाच्या डोळ्यांत नेमका हा बगळाच सलला. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, तशातला प्रकार! रोज सकाळी तो आपल्या खडीच्या ढिगावर चढायचा आणि डोळ्यांवर हात धरून वरच्या खाणीकडे पाहायचा. बगळा तिथेच. कधी एका पायावर, कधी दोन. मंजुरी त्याला, कौतुक त्याचं, आणि आता पाखरंही त्याचीच!

"चार तळी खणा," त्याने मुकादमाला हुकूम सोडला. "त्याच्याहून लांब, त्याच्याहून रुंद."

तळी झाली, पण पाणी काही निवळेना. मुकादमाने गाळ बसवायची पावडर आणली. तुरटीसारखीच, पण तिच्याहून जालीम.

"छोटू किती टाकतो?" दादाने विचारलं.

"मापात टाकतात ते. गोणीवर लिहिलंय तेवढीच."

"आपण दुप्पट टाकायची."

"दादा, पण गोणीवर..."

"गोणी तुझी मालक आहे की मी?"

दुप्पट पावडर पडली. पाणी निवळायचं सोडून बुळबुळीत, पांढुरकं झालं. हात घातला की बोटांना शेंबडासारखं चिकटायचं. दादाला वाटलं, पावडर कमी पडली. त्याने आणखी टाकायला लावली.

आणि तशात तपासणीचा दिवस येऊन ठेपला!

त्या दिवशी दादाने जे केलं, ते त्याने नंतर कितीदा तरी आठवलं. त्याने शेवटच्या तळ्यात विहिरीचं स्वच्छ पाणी सोडलं. खडी धुतलेलं घाण पाणी झुडपांआडच्या जुन्या पाइपातून सरळ ओढ्यात वळवलं. अधिकारी बाईंनी तळ्यातलं पाणी बाटलीत भरलं, उजेडात धरलं आणि मान डोलावली. मग त्यांची नजर ओढ्याकडे गेली.

"तळं इतकं साफ, मग ओढा का पांढरा?"

इथे तो गप्प बसला असता तर फक्त स्वतःपुरता लबाड ठरला असता. पण मत्सर माणसाला गप्प बसू देत नाही. त्याने बोट वर केलं.

"वरून येतं, बाई. सख्खा भाऊ आहे, मी काय बोलणार!"

बाई वरच्या खाणीवर गेल्या. छोटूचं नशीब असं फुटकं, की नेमका त्या दिवशी तो पहिलं तळं उपसत होता. काठावर ओल्या गाळाचे ढीग, माणसं चिखलात गुडघाभर. बाईंना संशय घ्यायला तेवढं पुरलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत वरच्या खाणीवर खडी धुणं बंद, असा आदेश निघाला. दादाला मात्र मंजुरी मिळाली.

मंजुरीचा कागद त्याने चौकटीत घालून कचेरीत टांगला. दुसऱ्या दिवशी ढिगावर चढून पाहिलं तर वरच्या खाणीत शुकशुकाट होता. यंत्र बंद, माणसं घरी. छोटू एकटाच तळ्याकाठी उकिडवा बसला होता. दादाला वाटलं होतं, हे पाहून काळजाला थंडावा मिळेल. तसा मिळालाही, पण ढीग उतरेपर्यंतही तो टिकला नाही. बगळा अजून तिथेच होता, आणि त्याचाही राग आला.

चार दिवसांनी अक्का कचेरीत आली. तिच्या हातात रोपांचा ट्रे होता. रोपं माना टाकून पडली होती आणि मातीवर पांढरा, चिकट थर वाळून त्याचं पापुद्र्यासारखं कवच झालं होतं. तिने तो ट्रे दादाच्या टेबलावर, बरोबर चौकटीखाली ठेवला.

"हा एक आणलाय. बाकीचे तिथेच आहेत, सगळे असेच. माझं या हंगामाचं सगळं गेलं रे."

"अरेरे!" दादा म्हणाला. "छोटूने असं करायला नको होतं."

अक्काने त्याच्या कानांकडे पाहिलं. लहानपणी दोघा भावांची तोंडं धुऊन त्यांना शाळेत धाडणारी ती बहीण होती. खोटं बोलताना दादाचे कान लाल होतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"छोटूचं धुणं चार दिवस बंद आहे," ती शांतपणे म्हणाली. "त्याच्या खाणीतून थेंब बाहेर येत नाही. मग माझ्या दारातला ओढा आज सकाळीही पांढरा कसा?"

दादाच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"मी कुणाकडे तक्रार करायला आले नाही," अक्का म्हणाली. "मला फक्त एक सांग. ही मंजुरी तुला कशाला हवी होती?"

"खाण चालवायला."

"मग पाणी साफ का नाही केलंस? तुला पाणी साफ करायचंच नव्हतं. तुला छोटूच्या पुढे जायचं होतं. अरे, खात्याला काय फसवायचं, ते तासाभरात बघून जातात. माझी रोपं रोज पाणी पितात. त्यांना तुझी चौकट दाखवू का मी?"

"अक्का, तो सगळ्यांचा लाडका. बाबांचाही तोच होता. मी कितीही केलं तरी..." दादा म्हणाला. एवढ्या वर्षांत हे त्याने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

"होता लाडका," अक्का म्हणाली. "मलाही कधीकधी राग यायचा त्याचा. पण तू ओढ्यात सोडलेलं ते पाणी त्याच्याकडे नाही गेलं, दादा. तो वर आहे. ते माझ्याकडे आलं."

ती गेली. ट्रे टेबलावरच राहिला.

दादाने ट्रे जवळ ओढला आणि मातीवरचं ते पांढरं कवच नखाने खरवडलं. वरच्या भावावर जळत राहिलो आणि जाळलं कुणाला? जिने आपल्याला हाताला धरून चालायला शिकवलं, तिलाच! तो ताडकन उठला. झुडपांत शिरून त्याने पाइपाचं तोंड स्वतःच्या हाताने बंद केलं, धुण्याचं यंत्र थांबवायला लावलं, भिंतीवरची चौकट उतरवली आणि ती काखेत मारून सरळ खात्याच्या कचेरीत गेला.

"बाई, तळ्यात विहिरीचं पाणी होतं. ओढा मी घाण केला. माझ्या भावाचा काही दोष नाही."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही स्वतः कबूल केलंत म्हणून कारवाई टळणार नाही."

"टळू नये," दादा म्हणाला. "पण त्याची खाण आजच सुरू करा."

छोटूची खाण सुरू झाली आणि दादाची बंद पडली. दादा त्याच्या दारात गेला, तेव्हा छोटूने त्याला आत ये म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. कितीतरी दिवस तो बोलला नाही. रागावण्याचा त्याला हक्कच होता!

दादा मात्र रोज सकाळी रोपवाटिकेत जायचा. खराब माती उपसायचा, ट्रे धुवायचा, नवी माती भरायचा. अक्का त्याला अडवत नसे. कामाला माणूस मिळालंय तर राबवून घ्यावं, एवढाच तिचा हिशेब.

मग एके दिवशी छोटू न सांगता खालच्या खाणीवर आला. सरळ तळ्यापाशी बसला आणि पाण्यात हात घालून बोटं चोळून पाहिली.

"पावडर किती टाकलीस?"

"तुझ्या दुप्पट," दादा खाली मान घालून म्हणाला. "नंतर आणखी."

छोटूला राग धरून ठेवायचा होता, पण त्याला हसूच फुटलं. "अरे दादा! जास्त झाली की गाळ खाली बसायचा सोडून पाण्यातच तरंगत राहतो. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. मला विचारायचं तरी!"

"तुला विचारलं असतं तर मी थोरला कसला?" दादा म्हणाला, आणि मग दोघंही हसले. मुकादम लांबूनच म्हणाला, "गोणीवर लिहिलं होतं!"

चारही तळी उपसली. छोटूने पाण्याची वाट लांबवून दिली, पावडर मापात पडली. अधिकारी बाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी पाणी तळ्यातूनही घेतलं, ओढ्यातूनही घेतलं आणि झुडपांमागे जाऊन पाइपही पाहिला. मंजुरी मिळाली. तो कागद दादाने चौकटीत घातला नाही, कपाटात ठेवला.

एका सकाळी मुकादम धावत आला. "दादा, बघा!"

शेवटच्या तळ्याच्या काठावर बगळा उभा होता. एका पायावर.

दादा आनंदाने खडीच्या ढिगावर चढला. पाहतो तर वरच्या खाणीतल्या ढिगावर छोटू, डोळ्यांवर हात धरून इकडेच पाहत उभा!

"चोरा! माझा बगळा पळवलास!" छोटू ओरडला.

"ये की घेऊन जायला!" दादा ओरडला. "येताना चहाला ये!"

खाली वळणावर अक्का नव्या रोपांना पाणी घालत होती. दोघांचा आरडाओरडा ऐकून तिने हातातली झारी उजेडात धरली, आतलं पाणी पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

मित्रहो, हेवा कुणाला वाटत नाही? तुम्हाला वाटतो, मलाही वाटतो. पण परवानगीचा कागद मिळाला म्हणजे आपलं कर्तव्य झालं असं नाही, आणि दुसऱ्याच्या पुढे गेलो म्हणजे आपण चांगले झालो असंही नाही. आपण सोडलेली घाण कधीच वर जात नाही, ती खालीच वाहते, आणि खाली बहुतेक वेळा आपलंच कुणीतरी राहत असतं. म्हणून ढिगावर चढून शेजाऱ्याच्या तळ्याकडे पाहायची हुक्की आली, की आधी खाली उतरावं आणि आपलं पाणी कुणाच्या दारात जातंय ते एकदा पाहून यावं.