डाव्या कडेचे पाय

कॅमेरा आधी तिचा होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम, आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून भटकायचं हा छंद. लग्नानंतर नवरा सोबत येऊ लागला. नुसता उभा राहून कंटाळतो म्हणून तिनेच त्याला शिकवलं: उजेड कुठून येतो ते बघ, श्वास रोख, मग बटण दाब.

दोन वर्षांत तो तिच्या कितीतरी पुढे गेला. तिने गमतीने त्याला 'उस्ताद' म्हटलं, तर छायाचित्र मंडळातल्या सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. त्याचे फोटो खरंच चांगले असत. दिवसभर काचेतून बघणाऱ्या बाईला तेवढं कळतं. एकाच पुलावर, एकाच वेळी दोघं उभी राहत. त्याच्या फोटोत पूल जिवंत होई, तिच्या फोटोत नुसता पूल. वाईट वाटायचं, पण म्हणून कॅमेरा खाली ठेवावा असं तिच्या मनातही आलं नाही. तिला खटकायचं ते वेगळंच. उस्ताद तिच्या खांद्यावरून डोकावू लागला होता. "जरा डावीकडे सर." "अजून खाली बस." "तो खांब नको घेऊस."

मंडळाच्या प्रदर्शनासाठी तिने एकच फोटो निवडला. शिलाई मशीनवर वाकलेली मोठी जाऊ, तोंडात टाचण्या धरलेली. आणि डाव्या कडेला, स्टुलावर टेकवलेले सासूबाईंचे दोन पाय. एका पायात मोजा, दुसरा उघडा. बाकीच्या सासूबाई फोटोत नव्हत्याच.

"माझे पाठवायचेच आहेत, तुझाही पाठवतो," नवरा म्हणाला. तिने दिला.

उद्घाटनाला ती, नवरा आणि सासूबाई वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गेली. तिच्या नावाच्या फोटोखाली 'उत्तेजनार्थ' अशी चिठ्ठी होती. तिचा विश्वासच बसेना. सासूबाई चष्मा सावरत अगदी जवळ गेल्या.

"अगं, माझे पाय कुठे गेले?"

पाय नव्हते. डावी बाजू कापली होती, टाचण्यांना चमक आणली होती, मागची भिंत काळीभोर केली होती. फोटो देखणा झाला होता.

"थोडा हात फिरवला," नवरा हळू आवाजात म्हणाला. "पायांमुळे नजर भरकटत होती. बघ ना, बक्षीस मिळालं."

"मला विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर तुला माहीत होतं."

ती पुढे झाली, फोटो खिळ्यावरून उतरवला आणि काखेत धरला. मंडळाचे चिटणीस लगबगीने आले.

"वहिनी, हे काय? निकाल लागलाय."

"यांचा लागलाय. यांच्या नावाने लावा. माझ्या नावाने हा लागणार नाही."

"अहो, लोक बघताहेत."

"बघायलाच बोलावलंय ना त्यांना?"

फोटो चिटणीसांच्या हातात देऊन ती जिन्याकडे वळली. सासूबाई पदर खोचून मागोमाग निघाल्या. "थांब, मीही येते. आपले पाय जिथे नकोत तिथे कशाला थांबायचं?"

घरी आल्यावर नवरा धुमसत होता. "चार माणसांत माझी शोभा केलीस. आणि खरं सांगू? मूळ फोटो चांगला नव्हता."

"नसेल. तुझ्याइतकं मला जमत नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण वाईट काढायचा तर तो मीच काढणार. तुझ्या हातून चांगला करून घ्यायचा नाहीये मला."

तीन रविवार दोघं वेगवेगळ्या वाटांनी गेली. चौथ्या रविवारी तो दाराशी बुटांच्या नाड्या बांधत बसला.

"येऊ का?"

"ये. पण मी फोटो काढत असताना तोंड बंद."

त्याने ते पाळलं. बाजारात एकदा "ते जरा..." इतकं निसटलं, पण पुढचं त्याने गिळलं.

पुढच्या वर्षी तिने तोच फोटो, पायांसकट, स्वतः नेऊन दिला. निवडला गेला नाही. चिटणीसांना तिची कीव आली असावी. "वहिनी, देण्याआधी उस्तादांना एकदा दाखवत जा की," ते म्हणाले.

"दाखवला होता. त्यालाही नाही आवडला," ती म्हणाली, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज तिथेच मागून घेतला.